मगजाची तपासणी म्हणजे मणक्यात सुई नव्हे

मागच्या फाल्गुनातली गोष्ट. हळद काढून झाली होती, शेतोशेती हळद शिजवण्याचे कुकर लागले होते आणि अशा ऐन घाईच्या दिवसांत एका संध्याकाळी माझ्या दवाखान्यात नवरा, बायको आणि थोरला मुलगा असे तिघे आले. नवऱ्याचे वय बावन्न. गाव त्यांना अण्णा म्हणते, आपणही तेच म्हणू. गळ्यात तुळशीची माळ, चेहरा हळदीच्या पाण्याने धुतल्यासारखा पिवळट-पांढरा, चार पायऱ्या चढून आले तर धाप लागलेली. आठ दिवसांपूर्वी मीच त्यांना नांदेडला पाठवले होते. रक्ताचे प्रमाण म्हणजे हिमोग्लोबिन ४.८, पांढऱ्या पेशी २,१०० आणि प्लेटलेट ३८ हजार, असा रिपोर्ट पाहून गावात बसून राहणे मला धोक्याचे वाटले होते.

मी विचारले, "काय म्हणाले तिकडे?" अण्णा काही बोलले नाहीत. त्यांची बायकोच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ते मणक्यात सुई घालून मगज काढायचा म्हणतेत. मगज काढल्यावर माणसात राहतंय काय? आमच्या भावकीत एकाला पाठीत सुई घातली, त्यो पुन्हा उठलाच नाही म्हणं. म्हणून आम्ही ह्यायला घेऊन परत आलो."

नांदेडच्या डॉक्टरांनी मणक्यात सुई घालायचे सांगितलेच नव्हते. चिठ्ठीवर लिहिले होते, 'बोन मॅरो अॅस्पिरेशन व बायोप्सी'. पण चिठ्ठीपासून भावकीपर्यंत पोहोचेपर्यंत त्या शब्दांचे काय झाले ते तुम्ही वाचलेच. गेल्या तीस वर्षांत हा प्रसंग माझ्या दवाखान्यात अनेकदा घडला आहे. कधी रुग्ण परत नांदेडला जातो, कधी जातच नाही. म्हणून या आठवड्यात सर्दी-खोकला बाजूला ठेवून या एका तपासणीविषयीच लिहितो.

या गोंधळाचा पहिला दोष आपल्या शब्दांकडे जातो. शाळेत आपण 'मज्जासंस्था' आणि 'मज्जारज्जू' शिकलो. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघून पाठीच्या कण्यातून खाली जाणारी नसांची जाड दोरी. तिला इजा झाली तर हातपाय लुळे पडू शकतात, हे खरे. दुसरीकडे आयुर्वेदाने सांगितलेल्या सात धातूंत अस्थीनंतर मज्जा येते. ती मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर. एकाच शब्दाने दोन अगदी वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. 'मज्जा काढणार' म्हटल्याबरोबर शिकलेल्या माणसालाही मज्जारज्जू आठवतो आणि त्याचे पाय तिथेच गारठतात. त्यात भर म्हणून पाठीतून पाणी काढण्याची तपासणी निराळी आहे. मेंदूज्वराचा संशय आला तर दोन मणक्यांच्या फटीतून बारीक सुईने ते पाणी काढतात. तीही नीट केली तर सुरक्षितच आहे, पण तिचा आणि मगजाच्या तपासणीचा काही संबंध नाही. मगजाची सुई कण्यात जातच नाही. ती जाते कमरेच्या मागच्या बाजूला, जिथे पँटचा पट्टा टेकतो त्याच्या थोडे खाली, मधल्या रेषेपासून तीन-चार बोटे बाजूला असलेल्या कटीच्या रुंद हाडात. तिथे हाताने चाचपले तर कातडीखाली लगेच टणक उंचवटा लागतो. मज्जारज्जू तर त्याच्या बराच वर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपलेला असतो.

मी या लेखात 'मगज' हाच शब्द वापरतो. तो आपल्याकडे स्वयंपाकघरातही चालतो. मटणाच्या रश्श्यातली नळी ठोकून जो गर काढतात, तो मगजच. अण्णा माळकरी असल्यामुळे हा दाखला त्यांना देता आला नाही, पण मुलाच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला. फरक एवढाच की नळीत असतो तो बहुतेक पिवळा, चरबीचा मगज. मोठ्या माणसाच्या हातापायांच्या लांब हाडांतही बहुतांशी तोच असतो. रक्त तयार करणारा लाल मगज मोठेपणी उरतो तो कटीचे हाड, मणके, छातीचे हाड, फासळ्या आणि कवटी यांत. लहान मुलांत मात्र जवळपास सगळ्याच हाडांत लाल मगज असतो.

रक्त हाडात तयार होते, हे माणसाला कळायला फार वेळ लागला. १८६८ साली अर्न्स्ट नॉयमान या जर्मन शास्त्रज्ञाने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की हा कारखाना रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी बनवतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि पांढऱ्या पेशींपैकी काही तर रक्तात आल्यावर एक दिवसही टिकत नाहीत. म्हणजे कारखाना मंदावला की थोड्याच दिवसांत बाजारात माल कमी पडणार, हे ओघाने आले.

आपण हाताच्या शिरेतून जे रक्त तपासतो तो बाजारातला माल. तो कमी का आला, हे बाजारात उभे राहून नेहमी कळत नाही. कारखान्यात कच्चा माल नाही, कामगार आळसावले, की कारखान्यात कोणी दुसऱ्यानेच ठाण मांडले, हे आत डोकावूनच पाहावे लागते. मगजाची तपासणी म्हणजे ते डोकावणे.

आता कोणाला ही तपासणी लागते आणि कोणाला लागत नाही, हे स्पष्ट सांगतो, कारण दोन्ही बाजूंनी अतिरेक होताना मी पाहतो. आपल्याकडच्या बायकांचे रक्त कमी असते ते बहुतेक वेळा लोह कमी असल्यामुळे. त्यासाठी हाडात सुई घालण्याचे कारण नाही. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या, चार-सहा दिवसांत चढल्या, तिथेही गरज नाही. रक्त तपासणीत काही कमी-जास्त दिसले की आधी चांगल्या पॅथॉलॉजिस्टने काचेवर रक्ताचा थेंब पसरून स्वतः डोळ्याने पाहावा, असा माझा आग्रह असतो. यंत्राचे आकडे पुरेसे नसतात. मगजाचा प्रश्न येतो तो तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट अशा तिन्ही पेशी एकदम उतरल्या आणि कारण सापडेना तेव्हा, रक्तात अपक्व म्हणजे कोवळ्या पेशी दिसल्या तेव्हा, पांढऱ्या पेशी अवाच्या सवा वाढल्या आणि पानथरी मोठी झाली तेव्हा. साठीच्या पुढच्या माणसाची पाठ सतत दुखते, रक्त कमी होत चालले आहे आणि मूत्रपिंडाचेही आकडे बिघडले आहेत, अशा वेळी मायलोमा नावाचा मगजाचाच एक कर्करोग असू शकतो. असे म्हातारे पाठीला मलम चोळत वर्षभर फिरतात. याखेरीज महिना-महिना न उतरणारा ताप असेल तर मगजात क्षयाच्या गाठी सापडतात. विषमज्वराचा जंतू तर रक्तापेक्षा मगजात जास्त खात्रीने वाढवून दाखवता येतो. म्हणजे ही तपासणी सांगितली याचा अर्थ कॅन्सरच आहे असे मुळीच नाही.

आणि तरीही, ज्यांना ती लागते त्यांना ती वेळेवर लागते. याबाबतीत माझ्याच हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आठ वर्षांची एक मुलगी आली. बारीक ताप, रात्री नडग्या दुखतात म्हणून रडणे, गुडघ्याला किंचित सूज. मी सांधेदुखीचा ताप समजून आधी साध्या गोळ्या दिल्या आणि मग स्टिरॉइड सुरू केले. चार दिवसांत मुलगी अंगणात खेळू लागली. आईबाप खूश, मीही खूश. सहा-सात आठवड्यांनी ती परत आली ती पांढरीफटक, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. तिला रक्ताचा कर्करोग होता. मुलांमध्ये जो सर्वांत जास्त आढळतो तो प्रकार. स्टिरॉइड हे त्या आजाराच्या औषधांपैकीच एक आहे, त्यामुळे काही दिवस रोग दबला आणि लपला. त्या आधी मगज तपासला असता तर निदान तेव्हाच झाले असते. पुढे अडीच वर्षे मोठ्या रुग्णालयात तिचे उपचार चालले. ती बरी झाली, शिकली, आता नोकरीला आहे. पण ती बरी झाली म्हणून माझी चूक लहान होत नाही. तेव्हापासून कारण न कळलेल्या तापाला आणि हाडदुखीला मी स्टिरॉइड देत नाही आणि वाचकांनाही सांगतो: ताकदीचे म्हणून, तापाचे म्हणून जी सुई ठिकठिकाणी टोचली जाते, तिच्यात काय आहे ते विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.

अण्णांकडे वळू. त्यांच्या रक्ताच्या काचेवर काही कोवळ्या पेशी दिसल्या होत्या, पानथरीही हाताला लागत होती. त्यामुळे नुसते जीवनसत्त्व मोजून थांबणे तिथल्या डॉक्टरांना योग्य वाटले नाही आणि माझेही तेच मत होते. मी त्यांना म्हटले, "अण्णा, मी तुमच्याबरोबर येतो. तुमच्या डोळ्यांदेखत जे होईल ते माझ्याही डोळ्यांदेखत होईल." बुधवारी सकाळच्या गाडीने आम्ही चौघे निघालो.

उपाशी जावे लागते का, हा पहिला प्रश्न असतो. नुसती जागेवरची भूल देणार असतील तर उपाशी राहायचे कारण नाही. हलका नाश्ता, नेहमीच्या रक्तदाबाच्या-मधुमेहाच्या गोळ्या घेऊन जावे. झोपेचे इंजेक्शन देणार असतील, लहान मुलांना बहुधा देतात, तर किती तास उपाशी राहायचे ते आधी सांगतात. ते काटेकोर पाळावे. डॉक्टरांना तीन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, घरात कोणाला जखमेतून रक्त न थांबण्याचा आजार आहे का, आणि दात काढताना वगैरे भुलेच्या इंजेक्शनची कधी रिअॅक्शन आली होती का. हृदयात स्टेंट टाकलेल्यांनी गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्याचा निर्णय डॉक्टर घेतील. प्लेटलेट कमी आहेत म्हणून ही तपासणी होत नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. फक्त नंतर जागा जास्त वेळ दाबून धरावी लागते. रक्त गोठण्याचाच जन्मजात दोष असेल तर मात्र आधी त्याची तजवीज करतात.

मग संमतीच्या कागदावर सही घेतात. तो कागद पाहून अण्णांच्या मुलाचा हात थबकला. 'जिवाचे काही झाले तर जबाबदारी आमची' असे त्यात लिहिलेले असते असा आपला समज. खरे तर काय करणार, का करणार आणि काय त्रास होऊ शकतो हे तुम्हाला सांगितले, याची ती नोंद. न वाचता सही करू नये, आणि न विचारता नकारही देऊ नये.

अण्णांना डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवले. कुठे कुठे पालथेही झोपवतात. डॉक्टरांनी अंगठ्याने हाडाचा उंचवटा शोधला, त्यावर खूण केली, आयोडीनच्या औषधाने जागा पुसली, वर भोकाचे निर्जंतुक कापड टाकले. मग भुलेचे इंजेक्शन. ते सुरुवातीला मुंगळा डसल्यासारखे झोंबते आणि दहा-पंधरा सेकंदांत थांबते. आधी कातडी, मग खोल जाऊन हाडावरचे पातळ आवरण बधिर करतात. या आवरणाला फार संवेदना असते. तिथे औषध नीट पसरू दिले तर निम्मे काम झाले. भूल लागायला तीन-चार मिनिटे थांबावे लागते. घाई करणारा डॉक्टर इथेच ओळखू येतो.

त्यानंतर कातडीला तांदळाच्या दाण्याएवढा छेद घेऊन मगजाची सुई आत घालतात. ही सुई पाहू नये, असे मी सांगतो, कारण ती जाड दिसते आणि तिला मूठ असते. सुई डावी-उजवीकडे फिरवत हाडात बसवतात. यावेळी दुखत नाही, पण कोणीतरी कमरेवर जोर देऊन दाबते आहे असे वाटते. अण्णा म्हणाले, "सुतार गिरमिट फिरवतोय जणू." उपमा अगदी चपखल होती.

मग आतली काडी काढून सुईला सिरिंज जोडतात आणि दट्ट्या ओढतात. दुखते ते इथे, आणि हे कोणी लपवू नये. हाडाच्या आतला भाग बधिर करता येत नाही. ओढले की एक कळ निघते, ती कुल्ल्यातून मांडीत उतरते, दहा सेकंदांत जाते. 'काहीच दुखत नाही' असे सांगून आत नेलेला रुग्ण त्या कळेने दचकतो, हलतो आणि पुन्हा कधी तयार होत नाही. 'आता ओढणार आहे, दहा आकडे मोजा' असे सांगितलेला रुग्ण दात आवळून निभावतो. अण्णांनी आकडे मोजले नाहीत, विठ्ठल विठ्ठल म्हटले. सातव्या विठ्ठलाला कळ गेली होती.

पहिले अर्धा मिलिलिटरहून कमी द्रव काढतात. तो लगेच काचपट्ट्यांवर पसरतात, कारण थांबले तर गोठतो. त्यात साखरेच्या बारीक कणांसारखे मगजाचे कण चमकताना दिसले की तंत्रज्ञाचा चेहरा खुलतो. गरजेप्रमाणे आणखी काही मिलिलिटर काढून पेशींची जात आणि गुणसूत्रे तपासायला वेगळ्या नळ्यांत ठेवतात. काही वेळा दट्ट्या ओढूनही काहीच येत नाही. मगज आटलेला असतो, किंवा इतका घट्ट भरलेला असतो की निघतच नाही. ही डॉक्टरची चूक असेलच असे नाही. तीही एक माहितीच असते.

म्हणून दुसरा भाग असतो, बायोप्सीचा. त्याच छेदातून, थोडी बाजूला, पोकळ सुई फिरवत हाडाचा एक बारीक तुकडा काढतात. काडेपेटीतल्या काडीएवढा जाड, दीड-दोन सेंटिमीटर लांब. हिच्यासाठी बहुतेक ठिकाणी जी सुई वापरतात ती इराणी वंशाचे डॉक्टर खुसरो जमशिदी यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांची सुई १९७१ पासून प्रचारात आली. त्याआधी रशियाच्या आरिंकिन यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस छातीच्या हाडात सुई घालून मगज काढण्याची रीत घातली होती. तोवर मगज पाहायचा तो बहुधा माणूस मेल्यावर. छातीच्या हाडाची रीत आता मागे पडली आहे. ते हाड पातळ असते आणि त्यामागे हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या असतात. तिथून तुकडा तर काढतच नाहीत. अगदी तान्ह्या मुलांत नडगीच्या हाडातून मगज घेतात.

घड्याळ लावून सांगतो, अण्णा टेबलावर चढल्यापासून पट्टी बसेपर्यंत पंचवीस मिनिटे लागली. टाका बहुधा लागत नाही. नंतर जागेवर कापसाची जाड घडी ठेवून त्यावर उताणे झोपवतात, म्हणजे आपल्याच वजनाने जागा दाबली जाते. अर्धा तास तसे पडून राहायचे. अण्णांच्या प्लेटलेट कमी म्हणून त्यांना तासभर ठेवले. मग ते उठले, चालत बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "पाय हायेत जागेवर." ती तिथेच बाकड्यावर बसून रडली.

घरी आल्यावर पट्टी चोवीस तास कोरडी ठेवायची. त्यानंतर काढून आंघोळ करायला हरकत नाही. दोन-तीन दिवस जागा ठणकते, बसताना-उठताना मुका मार लागल्यासारखे वाटते. त्याला पॅरासिटामॉल पुरते. अॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या इतर गोळ्या दुकानातून मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्त जास्त वाहू शकते. त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये, तीन दिवस पोते उचलू नये. पट्टी भिजून रक्त येत राहिले, जागेला मोठी सूज चढली, ताप आला, किंवा पायाला मुंग्या-अशक्तपणा वाटला, तर जवळच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जावे. हळद, चुना, तंबाखूची राख असले काही त्या छेदावर लावू नये. हळद आपल्या भागाची लक्ष्मी आहे, पण तिची जागा तिथे नाही.

धोका किती, याचे उत्तर अंदाजाने देत नाही. ब्रिटनमध्ये १९९५ ते २००१ या काळात झालेल्या सुमारे ५४,८९० तपासण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा २६ जणांना गंभीर त्रास झाल्याचे आढळले. त्यातले १४ रक्तस्रावाचे होते आणि एक रुग्ण दगावला. म्हणजे धोका शून्य नाही, पण साधारण दोन हजारांत एक इतका आहे. आणि काढतात तो मगज किती? चहाच्या एक-दोन चमच्यांएवढा. अण्णांच्या बायकोला मी विहिरीचा दाखला दिला होता. घागरभर पाणी काढल्याने विहीर आटत नाही, झरे चालू असतात. इथे तर घागरही नाही, फुलपात्र आहे.

काचपट्ट्यांचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो. हाडाच्या तुकड्याला आठवडाभर लागतो, कारण त्यातला चुना आधी औषधात विरघळवून तो मऊ करावा लागतो, तेव्हा कुठे त्याचे पातळ काप निघतात. 'आठ दिवस लावले म्हणजे नक्की वाईट असणार' असे समजून झुरत बसू नये. रिपोर्टमधले शब्दही भिववणारे असतात. 'हायपरसेल्युलर' म्हणजे पेशींची गर्दी जास्त. ती कर्करोगातही असते आणि साध्या जीवनसत्त्वाच्या उणिवेतही. 'हायपोसेल्युलर' म्हणजे गर्दी कमी, कारखाना ओस. काही औषधांनीही असे क्वचित होते. विषमज्वरावर पूर्वी सर्रास दिले जाणारे क्लोरॅम्फेनिकॉल हे त्यातले नावाजलेले. 'ब्लास्ट' म्हणजे अगदी कोवळ्या पेशी. थोड्या तर निरोगी मगजातही असतात. त्यांचे प्रमाण वीस टक्के किंवा त्याहून जास्त झाले तर तीव्र रक्तकर्करोग समजतात. तेव्हा हा कागद औषधाच्या दुकानात किंवा शेजारच्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेऊ नये. ज्यांनी तपासणी केली त्यांच्यासमोर बसून तो समजून घ्यावा.

अण्णांच्या रिपोर्टवर शब्द होता 'मेगालोब्लास्टिक'. म्हणजे पेशी बनायला घेतल्या आहेत, पण आकाराने थोराड, अर्धवट, आणि त्यातल्या बऱ्याच कारखान्याच्या आतच मोडतात. म्हणून बाहेर तिन्हींचा दुष्काळ. कारण, बी-१२ हे जीवनसत्त्व. ते मांस, अंडी, मासे आणि दूध यांत असते. भाकरी-भाजीत नसते. अण्णा माळकरी, तेव्हा पहिल्या तिन्ही गोष्टी वर्ज्य. राहिले दूध. घरी दोन म्हशी आहेत, पण दूध सगळे डेअरीला जाते आणि घरात चहा होतो तो कोरा. हे मला त्या दिवशी गाडीत त्यांच्याशी गप्पा मारताना कळले. तीस वर्षे त्यांना ओळखतो, कधी विचारले नव्हते.

या आजाराची एक हकिकत मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना असाच थोराड पेशींचा रक्तक्षय होई आणि त्यात कितीतरी जणी दगावत. विल्सबाईंनी अनेक उपाय करून पाहिले. शेवटी गुण आला तो मार्माइट नावाच्या, यीस्टपासून केलेल्या स्वस्त चाटणाने. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या चाटणातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक अॅसिड म्हणून वेगळा काढला गेला. आज आपल्या गरोदर लेकीसुनांना आशाताई ज्या लोहाच्या गोळ्या देतात, त्यांत तो असतो. फॉलिक अॅसिड आणि बी-१२ ही जोडी आहे, एक कमी पडले तरी मगजात चित्र तेच दिसते. म्हणून एक सावधगिरी: बी-१२ कमी असताना नुसत्या फॉलिकच्या गोळ्या खात राहिले तर रक्त थोडे सुधारते, पण नसांचे नुकसान आतल्या आत चालू राहते.

तपासणीचा निकाल वाईट आला तरी दारे बंद होत नाहीत. १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशातले पहिले मगजरोपण झाले, ते नऊ वर्षांच्या एका मुलीवर, तिच्या भावाचा मगज घेऊन. आता ते अनेक शहरांत होते, आणि दात्याच्या हाडाला सुई न लावता रक्तातूनच यंत्राने मूळपेशी वेगळ्या काढण्याची रीतही रुळली आहे. आपल्या भागातल्या लोकांना तपासणीसाठी नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे. कर्करोगाचा प्रश्न असेल तर छत्रपती संभाजीनगरला राज्य कर्करोग संस्था आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. कोणता उपचार योजनेत बसतो ते तो सांगतो. जुने सगळे कागद, विशेषतः आधी कोणकोणती इंजेक्शने झाली त्यांच्या चिठ्ठ्या, एका पिशवीत घालून न्याव्यात.

अण्णांना बी-१२ची इंजेक्शने सुरू केली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक, आणि ती कायमची. रक्ताची बाटली लागली नाही. पहिल्या आठवड्यातच भूक वाढली, नव्या पेशी रक्तात दिसू लागल्या. दीड महिन्याने हिमोग्लोबिन १०.६ आणि प्लेटलेट पावणेदोन लाख झाल्या. हळद त्या वर्षी मुलाने शिजवली. आषाढात अण्णा दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेले, जाताना महिन्याचे इंजेक्शन माझ्याकडून चार दिवस आधीच घेऊन गेले. दोन म्हशींपैकी एकीचे दूध आता घरात राहते. हे त्यांच्या बायकोनेच मला सांगितले.